सतरंजी एकच पाहिजे

दुसऱ्या पक्षाच्या माणसाबरोबर कुणी बोलायला बसला की तो ‘विकला गेला’ असं आपल्याकडे लगेच ठरतं. मेहरूण असो की मुंबई, रिपब्लिकन माणूस भेटला की आधी गट विचारतात, मग नाव. म्हणून हा इतिहास पुन्हा मांडतो.

कम्युनिस्टांशी बाबासाहेबांचं पटत नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत आणि लाल बावट्याला त्याची घाई नव्हती. राग खरा होता. तरी ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध संप झाला तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. कामगाराचा संपाचा हक्क जातोय, एवढ्या एका गोष्टीवर जुळलं. मतभेद कुणी गिळले नाहीत. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांतला फरक ठणकावून सांगितलाच.

दादासाहेब गायकवाडांनी हीच वाट धरली. संयुक्त महाराष्ट्र समितीत फेडरेशन, समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप एका मांडवात बसले. १९५९ ला दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. आपल्या खानदेशातली, मराठवाड्यातली माणसं पडीक जमिनीसाठी तुरुंगात गेली. पोटाचा प्रश्न पुढे ठेवला की झेंड्याचा रंग जरा मागे सरतो.

पण घरातच सतरंजी फाटली. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष निघाला. दोनच वर्षांत ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’! बी. सी. कांबळे म्हणत, घटनेच्या वाटेने चला, कम्युनिस्टांपासून लांब राहा. गायकवाड म्हणत, रस्त्यावर उतरा. दोन्ही म्हणणी ऐकण्यासारखी होती. चवदार तळंही बाबासाहेबांचं, घटनाही बाबासाहेबांची. पण शिकलेला कोण, अडाणी कोण, यातच मुद्दा बुडाला.

आदराने बोला, हा उपदेश गावानेही आम्हाला पिढ्यान् पिढ्या केला. त्याचा अर्थ एवढाच की उंबऱ्याबाहेर उभा राहा, जोहार घाल आणि ऐक. ती बोलणी नव्हेत, ती हुकमाची तामिली. बोलणी म्हणजे दोघं एका सतरंजीवर, दोघांची मागणी उघड, आणि न पटलेलं तोंडावर सांगायची मुभा.

अशी सतरंजी आपण परक्याबरोबर अंथरली आहे. भावाबरोबर कधी अंथरायची?