घरगुती वीजबचत कार्यक्रम (यवतमाळ जिल्हा)

विजेचा वापर घटवून कुटुंबाचे वीजबिल हलके करणाऱ्या शासकीय योजनांचा समूह. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड या शहरांना वीज महावितरण पुरवते. नगरपरिषदांच्या अखत्यारीत पथदिवे येतात. घरांसाठीच्या योजना मात्र केंद्र आणि राज्याकडून येतात.

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ हा या योजनांचा कायदेशीर पाया होय. उपकरणांवरील वीजबचत दाखवणारी ताऱ्यांची खूण २००६ मध्ये सुरू झाली. घराघरांत खरा बदल घडवला तो ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या, स्वस्त एलईडी दिवे देणाऱ्या ‘उजाला’ योजनेने. ६० वॅटचा जुना पिवळा दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला ९ युनिट लागतात. त्या जागी ९ वॅटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही. ईईएसएल या सरकारी कंपनीने घाऊक निविदा काढल्या आणि २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपये असलेला खरेदीदर २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. त्यामुळे एलईडी दिवा गरिबाच्याही आवाक्यात आला. हे या योजनेचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल.

यवतमाळात बिल फुगते ते एप्रिल-मे महिन्यांत. पारा ४५ अंशांकडे गेला की पंखा दिवसरात्र फिरतो आणि खिडकीला वाळ्याच्या ताट्यांचा लोखंडी कूलर लागतो. १८० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला, तर महिन्याला ५४ युनिट होतात. ७५ वॅटचा साधा पंखा रोज पंधरा तास चालला, तर सुमारे ३४ युनिट होतात. ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढ्याच वेळात साडेतेरा युनिटांत भागवतो. छताच्या पंख्यांवर तारांकन १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. ‘उजाला’त ट्यूबलाइट आणि पंखेही होते, पण कूलर नव्हता. विदर्भाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे. ताट्या स्वच्छ ठेवणे आणि दमट हवा बाहेर जाईल अशी समोरची खिडकी उघडी ठेवणे, हे बिनपैशाचे उपाय कुठल्याही योजनेत सापडत नाहीत.

महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरच्या युनिटांचा वीज आकार पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक होता. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घराने दोन पंखे बदलून ४० युनिट वाचवले, तर ते सगळे महाग टप्प्यातून कमी होतात. बिलात एवढा फरक दिव्याने पडत नाही, म्हणून आज भर पंख्यावर हवा.

फेब्रुवारी २०२४ पासून ‘पीएम सूर्य घर’ योजनेत छतावरील सौर संचाला ३ किलोवॅटपर्यंत कमाल ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान मिळते. स्वतःचे छप्पर नसलेल्या भाडेकरूंना मात्र त्याचा थेट लाभ घेता येत नाही.