मुरमाच्या वाटेवरील इतिहास



शाळेंत इतिहास शिकविण्यांत माझें सारें आयुष्य गेलें. सनावळ्या घोकून घेतल्या, तहांचीं कलमें लिहून दिलीं; तरी मुलांच्या मनांत पुरंदरचा वेढा कांहीं उभा राहीना. तेव्हां हिंवाळ्यांतील एका रविवारीं सातवींतील दहाबारा मुलें बरोबर घेतलीं आणि आम्ही सायकलींवरून बापदेव घाटाच्या वाटेनें पुरंदरकडे निघालों. निम्मा घाट चढल्यावर एका मुलाचा दम संपला. खालीं उतरून तो म्हणाला, “गुरुजी, साधी सायकल चढत नाहीं, मग मिर्झाराजांनीं तोफा कशा चढविल्या हो?” मीं म्हटलें, “आतां सायकल हातानें ढकलीत चल, म्हणजे थोडें कळेल.” इ. स. १६६५ त वज्रगडासमोर एकेक मोठी तोफ वर नेण्यास मोगलांना तीन-तीन दिवस लागले होते, ही गोष्ट त्या मुलाला पुन्हा कधीं सांगावी लागली नाहीं.

त्या दिवसापासून माझी अशी समजूत झाली आहे कीं, बखरी व कागदपत्रें यांच्याप्रमाणें जुनी वाट हेंहि इतिहासाचें एक साधन आहे. कागद वाचावयाचा तर मोडी यावी लागते. वाट वाचावयाची तर तिच्यावरून बेताच्या गतीनें जावें लागतें. मोटारींतून ती दिसत नाहीं, आणि पायीं चालणाराला एका दिवसांत थोडीच दिसते. सायकलची गति या दोहोंच्या मधली. आज अशाच एका मुलखांतून आपणांस मनानें फिरवून आणावें, असा माझा विचार आहे.

पुण्याच्या दक्षिणेकडील डोंगर ओलांडून पुरंदर तालुक्यांत जावयास दोन प्रसिद्ध घाट आहेत. एक कोंढव्याकडून जाणारा बापदेव व दुसरा हडपसरकडून जाणारा दिवे घाट. माथ्यावर पोंचलें कीं पुढें कऱ्हेचें खोरें पसरलेलें दिसतें. जमीन सपाट नाहीं, आणि फार दुर्गमहि नाहीं. एक टेकाड चढावें, एक ओढा उतरावा, कीं पुढचें गांव येतें. भिवरी, बोपगांव, चांबळी, हिवरें, कोडीत, सोनोरी हीं त्यांतलीं कांहीं. कोडीत हें आचार्य अत्रे यांचें जन्मगांव. ज्वारी-बाजरीचीं शेतें, वाटाण्याचे वाफे, सीताफळांच्या व अंजिरांच्या बागा यांच्यामधून मुरमाच्या वाटा जातात. शेतकरी त्या सर्वांना एकच नांव देत नाहीं. दोन बांधांच्या मधून जाते ती पाणंद, दोन गांवांच्या शिवेवरून जातो तो शिवरस्ता, बैलगाडी जाते ती गाडीवाट, आणि गाडीच्या चाकांनीं तिच्यांत कोरली जाते ती चाकोरी. पुरंदरच्या अंजिराला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तें अंजीर बागेंतून बाहेर पडतें तें आधीं ह्याच वाटांनीं.

ह्या वाटा कोणा एका सरकारनें बांधल्या नाहींत. कांहीं वारकऱ्यांच्या पायांनीं पडल्या. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडास येते व सोपानदेवांच्या समाधीच्या ह्या गांवीं दोन रात्री राहते. कांहीं वाटा फौजांनीं तुडविल्या. मिर्झाराजे जयसिंग यांची छावणी सासवड व पुरंदर यांच्या दरम्यान होती, आणि १६६५ च्या जून महिन्यांत येथेंच तह ठरून शिवाजीमहाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. १ मार्च १७७६ रोजीं पुणें दरबार व इंग्रज यांचा तहहि पुरंदर येथेंच झाला. दिवे घाटावर नजर ठेवण्यासाठीं तोफखान्याचे सरदार पानसे यांनीं १७६० च्या सुमारास सोनोरीजवळ मल्हारगड बांधला. मराठ्यांनीं बांधलेल्या किल्ल्यांत हा अगदीं अखेरचा मानतात. गडावर उभें राहून घाटमाथ्याकडे पाहिलें, म्हणजे हा किल्ला येथेंच कां, हें समजावून सांगण्यास शिक्षक लागत नाहीं.

आमच्या घाटांत चाक आलें तें मात्र बरेंच उशिरा. पूर्वीं माल बैलांच्या पाठीवरून जाई. मुंबईच्या वाटेवरील बोरघाट गाड्यांना खुला झाला तो १० नोव्हेंबर १८३० रोजीं, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्तें; आगगाडी तो घाट चढली १८६३ त. सायकल त्याहूनहि धाकटी. १८८५ त इंग्लंडांत स्टार्ली यानें साखळीनें चालणारी, जवळजवळ सारख्या चाकांची सायकल काढली, आणि १८८८ त डनलॉप यानें हवेचा टायर केला. तेव्हां कोठें खडबडीत रस्त्यावर स्वाराचीं हाडें शाबूत राहूं लागलीं. पुढें पुणें हें सायकलींचें शहर म्हणून गाजलें. तासाच्या भाड्यानें सायकल देणारीं दुकानें पेठेपेठेंत असत. माझ्या पिढीनें सिंहगड, कात्रज आणि सासवड पाहिलें तें बहुधा ह्या भाड्याच्या सायकलींवरूनच. मग स्कूटरी आल्या, मोटारी आल्या, आणि सायकल जिन्याखालीं जाऊन पडली.

अलीकडे ती निराळ्या रूपानें परत आली आहे. रुंद टायरांच्या, खालीं वळलेल्या दांड्याच्या ह्या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. खडीवाटेची सायकल म्हणा ना. तरुण मंडळी रविवारीं पहांटे तिच्यावरून निघतात व डांबरी रस्ता मुद्दाम टाळतात. अशा भटकंतीसाठीं जगांत नांवाजलेला मुलूख म्हणजे इटलींतील तोस्काना प्रांत. मराठी माणसाला इटली अगदींच परकी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणी तेथील टेकड्यांतून लढल्या. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे धारातीर्थीं पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तोस्कानांतील सिएना शहराच्या नगरगृहांत लोरेन्झेत्ती नांवाच्या चित्रकारानें १३३८-३९ च्या सुमारास भिंतीवर एक चित्र काढलें आहे. विषय आहे चांगल्या राज्यकारभाराचा परिणाम. त्यांत शहराच्या वेशींतून एक वाट बाहेर पडते आणि शेतांमधून टेकड्यांकडे जाते. कोणी जनावरें हांकीत शहराकडे येत आहे, कोणी घोड्यावरून बाहेर निघाला आहे, आणि बाजूला शेतकरी निर्धास्तपणें आपलें काम करीत आहेत. शहर व खेडें यांमधील निर्भय वाट ही सुराज्याची खूण, असें त्या चित्रकारास वाटलें असावें.

त्या प्रांतांतील कच्च्या रस्त्यांना ‘पांढरे रस्ते’ म्हणतात. ते डांबराखालीं नाहींसे होऊं लागले, तेव्हां १९९७ सालीं गायोले या गांवीं जानकार्लो ब्रोची यांनीं जुन्या बनावटीच्या सायकलींची एक फेरी सुरू केली. तिचें नांव लेरोइका, म्हणजे वीरांची. वाट वापरांत राहिली तरच ती टिकेल, हें त्यांनीं ओळखलें होतें. २००७ पासून त्याच वाटांवर धंदेवाईक सायकलपटूंची शर्यत होते, आणि आतां तिला ‘पांढरे रस्ते’ हेंच नांव आहे.

आपल्याकडे काय चाललें आहे? पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं बसली. पुरंदरांत विमानतळ करण्याचें २०१६ सालीं जाहीर झालें, आणि पारगांव, खानवडी, कुंभारवळण इत्यादि सात गांवांच्या जमिनी त्यासाठीं घेण्याचें ठरलें. शेतकऱ्यांनीं त्यास विरोध केला. खानवडी हें महात्मा फुले यांच्या घराण्याचें गांव. शिवाय गांवोगांवच्या पाणंदींवर सिमेंट पडत आहे, तें निराळेंच.

मी पक्क्या रस्त्यांचा वैरी नाहीं. भर पावसाळ्यांत बाळंतिणीला चिखलांतून न्यावें, असें कोण म्हणेल? अंजीर हें तर नाजूक फळ. खड्ड्यांतून नेल्यास तें बाजार गांठण्यापूर्वींच फुटतें. चांगला रस्ता हा शेतकऱ्याचा हक्कच आहे. परंतु प्रत्येक वाट पक्की करण्याची गरज नसते, आणि जी बुजवावयाची ती निदान आधीं टिपून तरी ठेवावी. महसूल खात्याच्या गांवनकाशांत गाडीवाटा व पायवाटा तुटक रेघांनीं दाखविलेल्या असतात. तो नकाशा घेऊन जावें. वाट अजून चालू आहे कीं मोडली, तें पाहावें. गांवांतल्या म्हाताऱ्या माणसांना तिचें नांव विचारावें. वाटेवरची विहीर, वीरगळ, जुनें झाड यांची नोंद करावी. हें काम सायकलवरच्या तरुणांना सहज जमेल. मात्र पेरलेल्या रानांत चाक घालूं नये व बांध मोडूं नये. वाट शेतकऱ्याची आहे. आपण तेथें पाहुणे.

बापदेव घाटांत सायकल ढकलीत चढलेला तो मुलगा आतां पन्नाशीला आला. गेल्या हिंवाळ्यांत तो आपल्या मुलीला घेऊन त्याच रस्त्यानें गेला होता. परत आल्यावर त्यानें मला सांगितलें, “गुरुजी, चांबळीपुढची आपली मुरमाची वाट आतां अर्धीच उरली आहे.” मुलीनें मात्र त्या उरलेल्या वाटेवरचे चढ, ओढे आणि विहिरी एका वहींत क्रमानें लिहून आणल्या होत्या. ती वही मीं मागून घेतली आहे, आणि तिच्यांत मला आठवत असलेली दुसरी अर्धी वाट लिहीत बसलों आहें.