पोपटातला जीव

१८६५ सालचा हिवाळा आहे आणि तुम्ही सांगली-मिरजेच्या मधल्या विश्रामबागेत उभे आहात. तुमच्या ओळखीचं इथं काहीच नाही. स्टेशन नाही, कारण आगगाडीला या मुलखात यायला अजून वीसेक वर्षं आहेत. विलिंग्डन कॉलेज १९१९ साली उघडणार. सांगली आणि मिरज एकमेकांना भिडलेली नाहीत. या दोन पटवर्धनी संस्थानांच्या दोन राजधान्या, मधे नुसती रानं. शाळू पोटऱ्यात आला आहे. माळ्यावर उभं राहून कुणी पोरगा गोफण फिरवतो आहे आणि पाखरांचा थवा उठून पलीकडच्या रानात उतरतो आहे.

कृष्णेकाठच्या सांगलीत धुंडिराज तात्यासाहेब पटवर्धन गादीवर आहेत. याच गावात बावीस वर्षांपूर्वी विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर उभं केलं. गोष्ट कशी सांगावी, हे या मातीला कुणी शिकवायला नको. पण आज तुम्ही राजवाड्यात किंवा नाटकाला जायचं नाही. एखादी बैलगाडी धरा आणि आष्टा, इस्लामपूर करत वायव्येला चला. सातारा-कोल्हापूर रस्ता तिकडं आहे.

वाटेत रात्र होते. एका वस्तीवर गाडीवान बैल सोडतो. अंगणात शेकोटी आहे, भोवती पोरं, आणि मधे लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढून बसलेली म्हातारी. ती गोष्ट सांगते आहे. राक्षस मरतच नाही, कारण त्याचा जीव त्याच्या अंगात नाहीच, दूर कुठंतरी पिंजऱ्यातल्या पोपटात आहे. पोरांना शेवट पाठ आहे, तरी ती श्वास धरून बसली आहेत. एक पेंगतं, तेव्हा म्हातारी थांबून त्याला हुंकार द्यायला सांगते. हुंकार थांबला की गोष्ट थांबते, हा नियम पोरांनाही ठाऊक आहे.

तुम्हाला वाटतं, हे लिहून घ्यावं. पण या अंगणात कुणाला लिहिता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना ही गोष्ट लिहिण्याजोगी वाटत नाही. शास्त्रीबुवांच्या पोथीत संस्कृत आहे, कुलकर्ण्याच्या दप्तरात शेतसारा आहे. म्हातारीची गोष्ट या दोहोंच्या बाहेर आहे.

ती पहिल्यांदा कागदावर कशी उतरते ते बघायला आता पुढं चला.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दौऱ्यावर निघाले आहेत. सरकारी कागदांत ज्याला ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणतात, त्यातून हा दौरा चालला आहे. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी ही सगळी संस्थानं त्यातच येतात. फ्रिअरसाहेबाला हा भाग नवा नाही. १८४७ साली तो साताऱ्याला रेसिडेंट म्हणून आला. पुढच्याच वर्षी छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. दत्तक वारसाला मान्यता द्यावी, असं फ्रिअरचं मत होतं. डलहौसीच्या सरकारनं ते डावलून राज्य खालसा केलं, आणि मग तिथला कमिशनर म्हणून कारभार फ्रिअरलाच करावा लागला.

छावणी एका माळावर उतरली आहे. खलाशी मेखा ठोकताहेत, भिस्ती पखाली वाहताहेत, उंट बसवले जाताहेत. सगळीकडं पुरुषच दिसतात. एका तंबूत मात्र वीस वर्षांची एक मुलगी आहे, गव्हर्नरची थोरली लेक मेरी. तिची आई या वेळी विलायतेत आहे. मेरीच्या सोबतीला आहे तिची आया, अ‍ॅना लिबराता डिसूझा.

दुपार लांबते आहे. वाचून वाचून मेरी कंटाळली आहे. ती अ‍ॅनाकडं गोष्ट मागते. अ‍ॅना आधी नाही म्हणते. गोष्टी तिच्या आजीला येत. मेरी हट्ट सोडत नाही: तुला नातवंडं आहेत, त्यांना काहीतरी सांगतच असशील ना? मग अ‍ॅना आठवू लागते. शब्द इंग्रजी आहेत, साहेबांच्या घरांत काम करता करता शिकलेले. पण गोष्टीची चाल आजीची आहे.

कनातीशी उभे राहून नीट ऐका. एक राजा, त्याच्या सात मुली, धाकटीचं नाव बालना. सावत्र आईचा जाच. लग्नानंतर बालनाला पंचकिन नावाचा जादूगार पळवून नेतो आणि तिला सोडवायला आलेल्यांचे दगड करतो. बालनाचा मुलगा मोठा होऊन आईच्या शोधात निघतो, एका माळिणीच्या घरी राहतो, तिची मुलगी बनून आईपर्यंत पोचतो. बालना जादूगाराला गोड बोलून त्याच्या मरणाचं गुपित काढून घेते. दूर जंगलात ताडांचं कडं आहे, मधोमध पाण्याचे सहा माठ एकावर एक रचले आहेत, आणि सर्वांत खालच्या माठाखाली पिंजऱ्यात एक हिरवा पोपट आहे.

तुम्ही दचकता. ताड नवे, माठ नवे, पण पोपट तोच. काल रात्री शेकोटीपाशी ऐकलेला. गव्हर्नरच्या लेकीच्या तंबूत आणि शेतकऱ्याच्या अंगणात एकच पोपट बसला आहे, आणि दोन्हीकडं त्याला जपणारी एक आजीच आहे.

आता मेरीकडं बघा, कारण या दिवसातली मोलाची गोष्ट ती करते आहे. ती ऐकलेलं लिहून काढते आणि मग अ‍ॅनाला वाचून दाखवते. सगळं बरोबर आलं का, काही सुटलं का, हे विचारते. लिहिणारी गव्हर्नरची मुलगी आहे आणि सांगणारी पगारी आया, तरी गोष्टीचा शेवटचा शब्द आयेचा. त्या काळातल्या साहेब-नोकराच्या नात्यात ही केवढी उलथापालथ आहे, ते तुम्हाला या तंबूत उभं राहून जाणवतं.

एका गोष्टीवर भागत नाही. एकीमागून एक येत राहतात. सूर्य, चंद्र आणि वारा जेवायला जातात. दोघं पोटभर खाऊन रिकाम्या हातानं परततात, चंद्र मात्र आईसाठी नखांत घास लपवून आणतो. पावसात भिजणारे कावळे चिमणीच्या दाराशी आसरा मागतात आणि चिमणी एकेक सबब सांगत त्यांना ताटकळत ठेवते. कुंभार अंधारात गाढव समजून वाघ पकडतो, कारण तो वाघ म्हातारीच्या छपराच्या टिपटिपीलाच भ्यायलेला असतो. तुम्ही मनातल्या मनात पुढचं वाक्य आधीच म्हणताय. तुमच्या आजीनं चिऊकाऊ वेगळं सांगितलं असेल, शेणाचं घर आणि मेणाचं घर घालून. तरी दार तेच आणि पाऊसही तोच.

गोष्टी कुठून आल्या, हे अ‍ॅनाच्या बोलण्यात हळूहळू उलगडतं. तिचे आजोबा लिंगायत घराण्यातले, मूळचे कालिकतचे; मग कुटुंब गोव्याजवळ येऊन राहिलं. तिथं आजोबा-आजी ख्रिस्ती झाले आणि त्या रागानं पणजोबांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं. आजोबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार झाले. ज्या खडकीच्या लढाईत १८१७ साली पेशवाईचं नशीब फिरलं, तिथं ते होते. पलटण हलली की आजीही पायी हलायची. उंच, दणकट बाई. कालिकत, गोवा, पुणे या वाटांवर बोऱ्याबिस्तर उचलताना तिनं ज्या गोष्टी सोबत नेल्या, त्यांना वजन नव्हतं आणि जकातही नव्हती. त्या वाटेत बदलल्या, नव्या गावाचं पाणी प्यायल्या, आणि नातीच्या डोक्यात येऊन राहिल्या.

अ‍ॅनाला दुःखही आहे. नवरा गेला. मुलगा नदीत बुडून गेला. पोटासाठी ती आया म्हणून राबते आहे. पूर्वी म्हातारी माणसं गोष्टी सांगण्यात रमायची, आता ती पैशातच रमतात, असं ती खंतावून सांगते. अमेरिकेतल्या यादवीमुळं मुंबई इलाख्यात कापसाला सोन्याचा भाव येऊन महागाई भडकली, ती हीच वर्षं. मेरी तिची ही कहाणीही लिहून घेते.

आता १८६८ सालच्या लंडनमध्ये या. जॉन मरे या प्रकाशकाच्या दुकानात ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे नवं पुस्तक आलं आहे. चोवीस गोष्टी, मेरीच्या बहिणीनं, कॅथरीननं काढलेली चित्रं, वडिलांची प्रस्तावना. पहिलीच गोष्ट पंचकिनाची. इंग्रजीत भारतीय लोककथांचे संग्रह निघाले त्यांतला हा अगदी सुरुवातीचा. पुढं जेम्स फ्रेझर ‘गोल्डन बाऊ’ लिहिताना, देहाबाहेर ठेवलेल्या जिवाची कल्पना जगभर कुठंकुठं आढळते हे दाखवायला याच पंचकिनाचा दाखला घेतो. अ‍ॅनाच्या आजीचा पोपट असा युरोपभरच्या विद्वानांच्या टेबलांवर जाऊन बसतो.

पानं उलटा. गोष्टींच्या आधी अ‍ॅनाची जीवनकथा छापली आहे, तिच्याच तोंडची, तिच्या पूर्ण नावानिशी. हे पान उघडं ठेवून पुढच्या थांब्याकडं चला, म्हणजे त्याची किंमत कळेल.

विसाव्या शतकाची पहिली वर्षं. कोकणातल्या एका गावची शाळा. नाशिकला ज्याचा १९०९ साली अनंत कान्हेऱ्यांच्या गोळीनं अंत झाला, त्या जॅक्सन या कलेक्टरला लोकसमजुतींचा मोठा नाद होता. त्यानं प्रश्नावली तयार करून शाळामास्तरांकडून उत्तरं मागवली होती. भुतं कुठं राहतात, पाऊस पडावा म्हणून काय करतात, कोणत्या झाडाला पुजतात. मास्तर गावातल्या बायकांना विचारून वळणदार अक्षरात लिहितात. एन्थोव्हननं संपादन केलेला कोकणचा खंड १९१५ साली निघतो. माहिती अपार आहे. पण उत्तराखाली नाव येतं ते बहुतेक शाळेचं आणि गावाचं. जिनं सांगितलं ती बाई मास्तरांच्या दौतीपाशीच राहून जाते.

त्याच सुमारास, १९१४ साली, आयसीएसमधला सी. ए. किंकेड ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ काढतो. श्रावणातल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत जातात, सोबत धुरंधरांची सुंदर चित्रं. पाटावर बसून हातात अक्षता घेऊन या कहाण्या घरोघर वाचणाऱ्या, ऐकणाऱ्या बायका मात्र पुस्तकात दिसत नाहीत.

राज्यकर्त्यांना रयत समजून घ्यायची होती, कारण तिच्यावर राज्य करायचं होतं, हे खरं आहे. १८५७ नंतर ती गरज वाढलीच होती. पण त्या हेतूपाशी थांबलात तर तंबूतली ती दुपार हातची जाईल. वाचून दाखवणं, सांगणारीची दुरुस्ती मानणं, तिचं नाव आणि आयुष्य गोष्टीच्या शेजारी छापणं, एवढं वीस वर्षांच्या एका मुलीनं केलं आणि अधिकाऱ्यांच्या जाडजूड खंडांना ते जमलं नाही.

हे काम आपल्या माणसांनी आपल्या भाषेत करायला पुढं खूप वेळ गेला. त्यासाठी पुन्हा वाळवा तालुक्यात या, मघाशी तुमची गाडी गेली त्याच रानांत. बागणी गावात १९२० साली सरोजिनी बाबर जन्मल्या. त्यांनी जात्यावरच्या ओव्या, सणांची गाणी, कहाण्या जन्मभर गोळा केल्या, लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड छापून घेतले. इथं गोळा करणारी सांगणारीच्या शेजारी जमिनीवर बसली होती, आणि दोघींच्या मधे दुभाष्या लागत नव्हता.

अ‍ॅना लिबराता डिसूझा १४ ऑगस्ट १८८७ रोजी पुण्याजवळ गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यात वारली. ती इमारत आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. तिच्या नावाची आपल्या शाळांत कुणाला माहिती नाही, आणि असायला हवी, कारण आपल्या घरात चालत आलेल्या गोष्टी जगापर्यंत पहिल्यांदा पोचवणाऱ्यांत ती आहे.

आता परत तुमच्या सालात या आणि घरातल्या सर्वांत जुन्या माणसापाशी बसा. फोनवर आवाज धरून ठेवा, हुंकार द्या, आणि लिहून झालं की वाचून दाखवा. वर तिचं पूर्ण नाव लिहा, माहेरचं गाव लिहा, ही गोष्ट तिला कुणी सांगितली तेही लिहा. गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडं जाताना बदलते, बदलू द्या. सांगणारीचं नाव तेवढं गळू देऊ नका.