मूळ पान कुणाचं, आणि विकायचं तर कुठे?

(वाशिम इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, कॉमिक्स आणि वाशिम यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो माझ्याकडे एका घरातून आला. आपल्याच जिल्ह्यातले एक ड्रॉइंग मास्तर. तरुणपणी काही वर्षं मुंबईत राहून कॉमिक्सची पानं काढायचे, मग गावाकडे येऊन शाळेत लागले. ते गेले. गोदरेजच्या कपाटावरच्या एका पत्र्याच्या पेटीत जाड कागदावर काळ्या शाईत काढलेली एकेचाळीस पानं निघाली. मुंबईहून एक व्यापारी येऊन गेला, सगळ्या पानांचा मिळून एक आकडा सांगून गेला. मुलगा मला म्हणाला, "सर, तुम्ही इतिहासवाले. देऊन टाकू का?"

मी म्हटलं, थोडं थांबा. मग मी वाचायला बसलो. आज सांगतोय ते त्यातून आलेलं आहे.

आधी आपल्या मातीपासून सुरू करू. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याने अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. तिथला लेख तसं सांगतो. त्या भिंतींवर काय आहे? एकामागोमाग एक प्रसंग. तोच माणूस पुन्हा पुन्हा येतो, गोष्ट पुढे सरकते. म्हणजे चित्रांनी गोष्ट सांगायच्या कामाला पैसा पुरवणारी मंडळी आपल्या गावाशी जोडलेली होती. तुम्ही म्हणाल, भिंत काही कुणी विकू शकत नाही. (हशा) अहो, एकोणिसाव्या शतकात लोकांनी अजिंठ्याची चित्रं भिंतीवरून सोलून नेली! त्यातला एक तुकडा आज अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. मूळ चित्र आपल्या जागेवरून सुटलं की ते कुठे जाऊन थांबेल, हे काढणाऱ्याच्या हातात राहत नाही.

दुसरं उदाहरण कोकणातलं. कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. एका आख्यानाची सुटी चित्रं एका पोथीत असतात. एकेक चित्र समोर धरायचं आणि गोष्ट गात सांगायची. ऐकणाऱ्यासाठी ते कॉमिकच. आता ही पोथी विकायला काढली तर काय होतं? घेणारा चांगली चार चित्रं निवडतो, चौकट करून भिंतीवर लावतो. चार चित्रांना चांगला दर मिळतो, उरलेल्यांना काहीच नाही, आणि ती गोष्ट पुन्हा कधी कुणाला सांगता येत नाही. परशुराम गंगावणे यांनी 2006 साली पिंगुळीत आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ठेवायची जागा म्हणजे मोठी इमारतच हवी असं नाही, हे मला तिथे समजलं. आणखी एक. शंभर वर्षांपेक्षा जुनं चित्र असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो. ते देशाबाहेर नेऊन विकता येत नाही, आणि असा धंदा करायला परवाना लागतो. मास्तरांची पानं इतकी जुनी नाहीत, पण कुणाच्या घरी जुनी पोथी असेल तर हे लक्षात असू द्या.

आता कॉमिक्सकडे येऊ. अनंत पै यांनी 1967 साली अमर चित्र कथा सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही आपली मराठी मंडळी तिथे चित्रं काढत होती. लहानपणी आपण 'कृष्ण' वाचला, तो वाईरकरांच्या हातचा. टिंकलमधला सुपंदीही त्यांचाच. पण वाचताना आपल्याला चित्रकाराचं नाव माहीत होतं का? मला नव्हतं. कॉमिक म्हणजे छापलेली वस्तू, दोन-तीन रुपयांची. त्याच्यामागे कुणाच्या तरी टेबलावरचं एक मोठं पान आहे हे डोक्यातच येत नव्हतं. आणि खरं सांगू? काढणाऱ्यांच्याही येत नव्हतं. पान दिलं, पैसे घेतले, संपलं.

अमेरिकेतही फार काळ हेच होतं. तिथे प्रकाशक मूळ पानं फाडून टाकायचे, वाटून टाकायचे. सत्तरच्या दशकात नील ॲडम्ससारख्या चित्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा पानं परत द्यायची पद्धत पडू लागली. जॅक कर्बी, ज्याच्या हातून फँटॅस्टिक फोर आणि हल्क उभे राहिले, त्याने मार्वलसाठी हजारो पानं काढली होती. ती परत द्यायची तर कंपनीने इतरांना छोटा कागद दिला आणि कर्बीपुढे अटींनी भरलेला लांबलचक कागद ठेवला. वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी 1987 साली सुमारे दोन हजार पानं त्याच्या हाती आली. बाकीची? काही हरवली, काही चोरीला गेली, आणि त्यातली बाजारात विकलीही जात होती.

म्हणून मी त्या मुलाला पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. विचारलं, ही पानं वडिलांकडे आली कशी? प्रकाशकाने परत दिली, की कधी पोचवलीच नाहीत? काही चिठ्ठी आहे का? सुदैवाने एक पाकीट निघालं, त्यावर पानं परत पाठवल्याचं लिहिलं होतं. तो पिवळा पडलेला कागद आज त्या पेटीतला सगळ्यात मोलाचा कागद आहे. कोणताही चांगला लिलाववाला पहिल्यांदा तोच मागेल.

कायद्याची गंमत बघा. पान ही वस्तू वेगळी आणि त्यावरचं चित्र छापायचा हक्क वेगळा. पान विकलं म्हणून घेणाऱ्याला ते पुस्तकात छापता येत नाही. उलट, पान तुमच्याकडे आहे म्हणून तुम्हालाही छापता येईलच असं नाही, तो हक्क प्रकाशकाचा असू शकतो. आणि आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली एक कलम आलं, 53अ. मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत दहा हजार रुपयांच्या वर गेली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. ऐकायला छान आहे. पण तो कॉपीराइटचा पहिला मालक असला तरच. पगारावर असताना काढलेलं चित्र सहसा मालकाच्या नावावर जातं, आणि मग हे दार बंद. म्हणजे मास्तर नोकरीत होते की पानावारी पैसे घेत होते, यावर त्यांच्या नातवंडांचा हिस्सा अवलंबून आहे!

मग विकायचं कुठे? 2021 मध्ये पॅरिसला आर्तक्युरियल या घराने टिनटिनच्या 'ब्लू लोटस'साठी हर्जेने काढलेलं चित्र विकलं, जवळपास 32 लाख युरोंना. त्यावर घड्यांच्या खुणा होत्या, कारण ते प्रकाशकाच्या घरी वर्षानुवर्षं घडी घालून पडलं होतं. पुढच्या वर्षी डॅलसला हेरिटेजने स्पायडरमॅनचं एक पान 33 लाख डॉलरच्या वर नेलं. टिनटिन पॅरिसला आणि स्पायडरमॅन डॅलसला, हे उगाच नाही. ज्यांनी लहानपणी वाचलं ते जिथे श्रीमंत झाले, तिथे भाव मिळाला. आपली पानं वाचलेली मुलं आज मुंबई, पुणे, बंगळूर आणि न्यू जर्सीत आहेत. मुंबईत सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तागुरू अशी लिलावघरं आहेत, पण त्यांचा मुख्य व्यवहार रझा, गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांचा. तिथे विचारायला हरकत नाही; फक्त कमिशन किती, राखीव किंमत काय, पान विकलं गेलं नाही तर खर्च कुणाचा, हे आधी लिहून घ्या. व्यापारी रोख देतो, लगेच देतो, म्हणून कमी देतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. पण तो सगळा गठ्ठा एकदम का मागतोय ते समजून घ्या. त्याला त्यातली तीन पानं हवी असतात, जिथे नायक ठळक आहे आणि कोपऱ्यात सही आहे.

एक दुःखाची गोष्ट. मला भेटायच्या आधी मुलाने दोन पानं जपायची म्हणून लॅमिनेट करून आणली होती. चांगल्या भावनेने. ती दोन पानं आता मूळ चित्र म्हणून जवळपास बाद झाली. हात जोडून सांगतो, लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. आम्लविरहित कागदात आडवी ठेवा, उजेडापासून दूर, आणि आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत तर नकोच.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग त्यांनी काय केलं?)

व्यापाऱ्याला नाही म्हटलं. एकेचाळीस पानांत एक पूर्ण गोष्ट आहे, बत्तीस पानांची. ती फोडायची नाही असं आईने ठरवलं. मुलगा नाही, आईने. लॅमिनेट झालेली दोन त्या गोष्टीतलीच आहेत, तीही तिच्यातच ठेवली. उरलेली नऊ सुटी आहेत. त्यातली तीन स्कॅन करून, पाकिटाच्या फोटोसकट, दोन ठिकाणी पाठवली आहेत. एकाचं उत्तर आलंय, दुसऱ्याची वाट बघतायत. बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे, त्यामुळे दिवाळीच्या पुढे थांबणार नाहीत.