कोकणातील विंचूदंश आणि उपचारपरीक्षेची मांडणी

कुडाळपासून महाडपर्यंतच्या जांभ्या कातळावर, गडग्यांच्या सांदीत आणि पेंढ्याच्या आडोशाला वावरणारा लाल विंचू हा कोकणी शेतकऱ्याचा जुना वैरी होय. त्याच्या विषाने शरीरातील उत्तेजक द्रव्ये अतोनात स्रवतात, घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि फुफ्फुसांत पाणी भरून रोगी दगावतो. 1961 ते 1983 या काळात पश्चिम भारतातून नोंदलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा 25 ते 30 होते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्रॅझोसिन हे औषध या दंशावर योजले व 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा वृत्तान्त दिला. पुढे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. ही तुलना मात्र आजच्या रोग्यांची कालच्या रोग्यांशी होती. रोगी लवकर पोचू लागले, शुश्रूषा सुधारली, तर तेही श्रेय औषधाच्या पदरी पडते. ब्रिटनमधील 1948 च्या स्ट्रेप्टोमायसिन-परीक्षेत यदृच्छेने गट पाडले गेले, ते अशीच शंका टाळण्यासाठी. तथापि मृत्यूंतील घट एवढी मोठी असता औषधाचा गुण नाकारणे हट्टाचे ठरेल.

खरी अडचण विंचूच्या प्रतिविषाची उपयुक्तता ठरविताना आली. गुणकारी ठरलेले प्रॅझोसिन कोणापासून रोखून धरणे न्याय्य नव्हते. म्हणून डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 70 रोग्यांचे यदृच्छेने दोन गट केले. प्रॅझोसिन दोहोंस दिले, प्रतिविष एकासच. मृत्यू हा निकष आता निरुपयोगी होता, कारण तो इतका विरळ झाला होता की 70 रोग्यांत फरक दिसणेच अशक्य. त्याऐवजी दहा तासांत लक्षणे पूर्ण शमतात की नाही, हे पाहावयाचे ठरले. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आला: प्रतिविष मिळालेल्या 35 पैकी 32 रोगी या मुदतीत बरे झाले, केवळ प्रॅझोसिनवरील 35 पैकी 8.

कोणास काय दिले, हे वैद्यांस ठाऊक होते. हे या मांडणीचे उणेपण. नाडी व रक्तदाब मोजता येतात, परंतु घाम आणि हातापायांचा गारवा यांचा निवाडा डोळ्यांनी व हातानेच होतो. तरीही बरे होण्यास एका गटात सरासरी 8 तास लागले आणि दुसऱ्यात 17.7 तास, एवढे अंतर निव्वळ पाहणाऱ्याच्या दृष्टीतून उपजले असेल, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.