लाइन गेली तरी कळणारी गोष्ट

आमच्या दरेकसाला दुपारी लाइन गेली, की ‘दामिनी’चा भाग हुकायचा. आई सांगते, संध्याकाळी हापशीवर कुणीतरी थोडक्यात गोष्ट सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं काही अडायचं नाही.

मी या मालिकांना हसायचो. एकच गोष्ट तीनदा कशाला सांगतात?

उत्तर जुनं आहे. १९३०च्या दशकात अमेरिकी रेडिओवरच्या दुपारच्या मालिकांना साबण कंपन्या पैसा पुरवत; ‘सोप’ हे नाव तिथून आलं. ऐकणारी बाई कामात असणार, हे धरूनच त्या लिहिल्या जात. पुढे टीव्हीनंही तेच उचललं. न्यूयॉर्कमध्ये पब चालवणाऱ्या आयरिश कुटुंबाची ‘रायन्स होप’ ७ जुलै १९७५ला सुरू झाली, तीही दुपारचीच, १९८९पर्यंत चालली. योगायोगानं ७ जुलैलाच, १९८४मध्ये, दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली. मग नव्वदच्या दशकात ‘दामिनी’, मराठीतली पहिली दैनंदिन मालिका. प्रतीक्षा लोणकर त्यात पत्रकार होत्या.

एक सर्व्हर पडला तरी काम थांबू नये, म्हणून आम्ही इंजिनिअर तोच डेटा दोन-तीन ठिकाणी ठेवतो. त्याला कुणी रटाळ म्हणत नाही. दुपारच्या मालिकेनं तेच केलं, चुलीपासून उठून येणाऱ्या बाईसाठी.

परवा आईला मोबाइलवर एक मालिका लावून दिली. कुकरची शिट्टी झाली, ती उठली. मी पॉज करायला गेलो.

“राहू दे,” ती आतून म्हणाली, “समजते मले.”