नोकरी, बिऱ्हाड आणि दलित स्त्री

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना आपण पुरुषांच्या प्रस्थानाच्या तारखा लिहितो. कोण पलटणीत गेला, कोण गिरणीत लागला, कोण बोटीने विलायतेला गेला. घरी जी राहिली तिच्यासाठी आपल्याजवळ एकच शब्द असतो : त्याग. या शब्दाने तिचा गौरव होतो आणि तिच्याविषयीची चौकशीही तिथेच संपते. घरात पैसा किती होता, तो कुणाच्या हाती होता, मिळती नोकरी धरावी की शिक्षण पुरे करावे, परगावी बिऱ्हाड न्यावे की एकट्याने जावे, हे कुणी ठरविले आणि ठरविताना नवरा-बायकोत काय झाले, हे प्रश्न आपण 'खासगी' म्हणून बाजूला सारतो.

मला ते खासगी वाटत नाहीत. सवर्ण मध्यमवर्गातही नोकरीपायी ताटातूट होत होती. पण बदलीच्या गावी कारकुनाला जातीच्या आळीत खोली मिळे आणि चार महिन्यांनी बायको येऊन चूल पेटे. आपल्या माणसाला नोकरी मिळाली तरी नोकरीच्या गावी घर मिळत नव्हते. आपला संसार नुसत्या गरिबीने तुटलेला नाही, तो जातीने तोडलेला आहे. आणि दुसरी गोष्ट आपल्याला बोचणारी असली तरी सांगितली पाहिजे. जातीने तोडलेल्या त्या संसाराचा हिशेब आपल्या पुरुषांनीही बायकोला कधी विचारला नाही.

आधी साध्या माणसांचे पाहू. १८९२-९३च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली आणि इज्जतीची भाकर देणारी एक वाट मिटली. मग कोकणातला, घाटावरचा माणूस मुंबईच्या गोदीत, रेल्वेत आणि गिरण्यांत शिरला. गिरणीतही त्याला जास्त पगाराच्या साचाखात्यात घेत नसत. धोट्यात बॉबिन बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेल्या धोट्याला तोंड लावायला स्पृश्य कामगार तयार नव्हता. म्हणून आपला माणूस कमी पगाराच्या रिंग खात्यात राहिला. १९२८च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. साचाखात्याचे दार बंद असल्याचा परिणाम गिरणीबाहेरही झाला, हे मात्र आपण सांगत नाही. त्या पगारात मुंबईत खोली घेऊन बायको-पोरांना आणणे परवडत नव्हते. आठ-दहा गड्यांनी एका खोलीत राहायचे, खाणावळीत जेवायचे आणि उरेल ते गावी धाडायचे. १९२१च्या शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. उरलेल्या बायका कुठे होत्या, हे गावकुसाबाहेरच्या घरांना विचारावे.

गावी राहिलेल्या बाईला नुसते घर सांभाळायचे नव्हते. महारकी वतन होते आणि वतनाचे काम एकट्या माणसावर नव्हे, घरावर होते. घरचा गडी मुंबईला गेला म्हणून येसकरपाळी चुकत नसे. भावकीने ती केली तर भावकीचे ऐकून घ्यावे लागे, नाहीतर गावाची कामे बाईच्या अंगावर येत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. वतने कायद्याने जायला त्यानंतर तीस वर्षे, १९५८चा कायदा यावा लागला. तोवर नवरा शहराचा मजूर आणि बायको गावाची वेठबिगार, असा एकाच संसाराचा दोन ठिकाणी कस काढला जात होता.

आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना मी या दिवसांबद्दल विचारीत असे. नवऱ्याला पगार किती होता, हे त्यांच्यापैकी बहुतेकींना माहीत नव्हते. मनीऑर्डर कितीची आली, तेवढे मात्र प्रत्येकीच्या तोंडपाठ होते. पगार आणि मनीऑर्डर यांच्यामध्ये काय काय होते, त्यावरच सारी भांडणे झालेली होती. कर्जाचा हप्ता होता, दारू होती, खाणावळ होती, कधी दुसरी बाई होती, आणि पुष्कळदा खरोखरच काही उरत नव्हते. ज्याला पत्र लिहिता येत नव्हते आणि जिला वाचता येत नव्हते, त्या दोघांना भांडणसुद्धा तिसऱ्याच्या हाताने लिहून घ्यावे लागे.

आता बाबासाहेब आणि रमाबाई यांच्या संसाराकडे येतो. या संसाराची आपण पूजा करतो, म्हणून तो वाचीत नाही. दापोलीजवळच्या वणंद गावची ही पोर. वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहणारे. आईबाप लहानपणीच गेले आणि ती नातलगांकडे मुंबईला आली. भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर तिचे लग्न लागले. १९१२च्या डिसेंबरात यशवंत झाला. १९१३च्या जानेवारीत बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर गेले आणि २ फेब्रुवारीला सुभेदार रामजी वारले. घराचा आधार गेला. त्याच वर्षी बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळाली : तीन वर्षे, दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. त्या साडेअकरा पौंडांतूनच काही घरी पाठवावे लागत होते.

१९१७ साली ते परतले आणि कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले. ही घटना आपण अपमानाची कहाणी म्हणून सांगतो. ती बिऱ्हाडाची कहाणी म्हणूनही वाचली पाहिजे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या त्या अधिकाऱ्याला बडोद्यात भाड्याने खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून पारशांच्या सरायीत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याने आसरा दिला नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आता विचार करा. ज्या गावी नवऱ्याला अकरा दिवस टेकता आले नाही, त्या गावी रमाबाई पोराला घेऊन कशा जाणार होत्या? नोकरी होती, पगार होता, अधिकाराची जागा होती. नव्हते ते घर. त्या परतीने रमाबाईंच्या संसारातली एक शक्यताच बडोद्याने पुसून टाकली. रमाबाईंचे नाव त्या प्रकरणात कुणी घेत नाही.

१९१८च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार दरमहा ४५०. परळच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम डोंगराएवढी होती. कुठल्याही गृहिणीला वाटेल की आता सुखाचे दिवस आले. पण बाबासाहेबांचा संकल्प वेगळा होता. लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते. घरखर्चाला ठरावीक रक्कम देऊन बाकीची शिल्लक टाकायची, हा नियम झाला. १९२०च्या मार्चमध्ये नोकरी सोडली. शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजारांचे कर्ज यांवर जुलैत ते पुन्हा बोटीत बसले. १९२१च्या नोव्हेंबरात लंडनहून रमाबाईंना धाडलेल्या पत्रात, पैसे संपले तर दागिने मोडून खा, आल्यावर पुन्हा करीन, असा मजकूर आहे. तिकडे तेही अर्धपोटी होते. दोन उपाशी माणसांमधला हा पत्रव्यवहार आहे आणि त्यात दोघेही खरे आहेत.

१९२३ साली परतल्यावरही बाबासाहेबांनी वकिलीची स्वतंत्र पण बेभरवशाची वाट धरली. सरकारी नोकराला चळवळ करता आली नसती. समाजासाठी हा निर्णय योग्यच होता. पण योग्य निर्णयालाही किंमत असते आणि ती कुणाच्या घरातून गेली ते लिहावे लागते. पाच मुलांपैकी चार गेली. शेवटचा राजरत्न १९२६च्या जुलैत गेला. पंढरपूरला जाण्याची रमाबाईंची इच्छा होती. जिथे अस्पृश्याला देवाच्या दारात उभे करीत नाहीत तिथे आपण जायचे नाही, असे बाबासाहेबांनी सांगितले. विचाराने ते बरोबरच होते. मुले गमावलेल्या आईचे मागणेही खरे होते. दादरला 'राजगृह' उभे राहिले, तिथे जेमतेम वर्ष-दीड वर्ष काढून २७ मे १९३५ रोजी रमाबाई वारल्या.

या हिशेबाची जाणीव सर्वांत आधी खुद्द बाबासाहेबांना झाली. पाकिस्तानवरील ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्यांनी रमाबाईंच्या सोबतीने काढलेल्या ओढगस्तीच्या, मित्रहीन दिवसांचे ऋण इंग्रजीत, छापून मान्य केले आहे. आणि १९४२च्या जुलैत नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्यांनी बायकांना सांगितले की, नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभ्या राहा, दासी होण्याचे नाकारा. रमाबाईंच्या सोसण्याचा आदर्श त्यांनी त्या बायकांपुढे ठेवला नाही. आपण मात्र तोच ठेवला.

कारण पुढच्या पिढीत बायकोच कमावती झाली आणि आपल्या घरांची परीक्षा झाली. शांताबाई कांबळे १९४२ साली सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या. 'माज्या जल्माची चित्तरकथा'मध्ये शिकलेल्या मास्तर नवऱ्याने केलेले दुसरे लग्न आहे, आणि त्या पडत्या काळात पायाखाली जमीन ठेवणारी नोकरीही आहे. कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) लिहिले की, संस्कृतची पदवी असून नोकरी मिळाली ती लग्नाने आडनाव बदलल्यावर. उर्मिला पवार यांनी 'आयदान'मध्ये (२००३) बायकोने एम. ए. करणे, सभांना जाणे, लिहिणे नवऱ्याला कसे खुपत गेले ते नाव झाकून न ठेवता सांगितले. नवरा शिकायला गेला तर समाजाचे कार्य, आणि बायको शिकायला बसली तर घराकडे दुर्लक्ष, हा न्याय आपण कुठून आणला? तो मनूकडून आला, असे म्हणून सुटका होणार नाही. आपण तो पगाराबरोबर घरी आणला.

कायदाही फार मागे नव्हता. १९६०च्या दशकात पंजाब उच्च न्यायालयाने परगावी नोकरी करणाऱ्या बायकोने ती सोडून नवऱ्याकडे राहायला जावे, असा कौल दिला. संसार कोणत्या गावी मांडायचा हे ठरविण्याचा एकट्या नवऱ्याला हक्क नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने म्हणायला १९७८ साल उजाडले.

आज आपल्या घरांत दोन नोकऱ्या आहेत, दोन बदल्या आहेत, घरमालक आजही आडनाव विचारतो. बायको बदलीच्या गावी जायला निघाली की कुणीतरी वडीलधारा तिला रमाईचे उदाहरण देतो. ते उदाहरण देण्याचा अधिकार आपल्याला नाही. रमाबाईंनी सोसले ते बडोद्यात घर नव्हते म्हणून, गिरणीचे खाते बंद होते म्हणून, वतन मानेवर होते म्हणून. ती परिस्थिती मोडण्यासाठी चळवळ झाली. ते सोसणे सुनांच्या गळ्यात दागिना म्हणून घालण्यासाठी ती झालेली नाही. आपल्या इतिहासात आता पगाराबरोबर मनीऑर्डरही मोजली पाहिजे, आणि बोटीच्या तारखेशेजारी मोडलेल्या दागिन्यांची नोंद झाली पाहिजे. त्यानंतर त्याग हा शब्द वापरायचा की नाही, ते बायकांना ठरवू द्यावे.